पत्ते कोण वाटतंय

गुरुवार, दुपारचे तीन. जेल रोडवरचं आमचं घर.
वर माझ्या खोलीत इंटरनेट आहे,
खाली नानांच्या टेबलापाशी नाही.
मधे अठरा पायऱ्या, एक स्लॅब,
आणि नानांचा कॉम्प्युटर, ज्याला हवेतलं काही पकडता येत नाही.
त्याला वायरच लागते.
"वायर कशी, हातात धरता येते," नाना म्हणतात.

जिन्यातून वायर सोडली तर आई अडखळेल.
म्हणून माळ्यावरचा जुना राउटर काढला,
एक अँटेना वाकलेली, पोटावर मागच्या कंपनीचं स्टिकर.
त्याला समजावलं: वरचं हवेतून घे,
खाली वायरीतून दे, मधला पूल हो.
हिरवा दिवा लागला
आणि काहीच झालं नाही.

स्क्रीनवर पत्ता: एकशे एकोणसत्तर, दोनशे चोपन्न, पुढे काहीबाही.
"हा कुठला भाग?"
कुठलाच नाही, नाना.
कुणी पत्ता दिला नाही की यंत्र स्वतःच एक लिहून घेतं
आणि दारात बसून राहतं.

वायर निळ्या भोकात होती, पिवळ्यात हवी होती.
हे कळायला चाळीस मिनिटं गेली.
नानांना सांगितलं नाही.

मग पत्ता आला. गेला. वेगळाच आला.
वरचा राउटर म्हणतो मी एक नंबर,
खालचा म्हणतो मीच एक नंबर,
आणि दोघंही येईल त्याला पत्ते वाटतायत.

साडेचारला सिन्नरचे निरभवणे, शरणपूरचे साळवे
आणि गांगुर्डे, जे आता मुलाकडे मस्कतला असतात,
ब्रिजच्या टेबलावर येऊन बसणार.
छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत सुरू झालेला डाव
अजून उठलेला नाही.

"दोघं वाटतायत?" नानांनी चष्मा कपाळावर चढवला.
"मग डाव होणार कसा?
ह्या जुन्याला डमी कर.
पत्ते टेबलावर उघडे टाकायचे
आणि गप्प बसायचं."

सेटिंगमध्ये गेले. जुन्याचं वाटप बंद केलं.
हा खेळ मला शिकवायला नाना किती सुट्ट्या मागे लागले होते,
मी कधी बसले नव्हते.

पत्ता आला आणि टिकला.
चार पाकिटं धाडून पाहिली. तीन परतली.
"जातं एखादं," मी म्हटलं.
नाशिक रोडच्या छापखान्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसासमोर
असं बोलू नये.
"आमच्याकडे एक ताव कमी भरला तरी गेट उघडत नसे.
तू झालीस त्या दिवशी
मी पावणेनऊला सुटलो."

पुन्हा धाडली. चार. चार. तीन.

देवळालीकडे तोफ उडाली होती.
खिडकीची काच थरथरली, आणि तेवढ्यात
हिरवा दिवा डोळा मिटल्यासारखा मिटला, उघडला.
दोघांनीही पाहिलं.
नाना टेबलाखाली, गुडघ्यांवर, टॉर्च तोंडात.
वायरीच्या टोकाची प्लास्टिकची जिभली तुटलेली,
म्हणजे सुटत नाही, पण धरूनही ठेवत नाही.
आगकाडीचा तुकडा, आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा,
तीन वेढे, गाठ.

आम्ही पुढच्या तोफेची वाट पाहत बसलो.
चहा झाला. आली ती.
काच हलली,
दिवा नाही.

चार पस्तीस. निरभवणे लिहितात, "काय हो, उशीर?"
नाना एका बोटाने: "मोजणी चालू होती."

पहिल्याच डावात नाना डमी.
पत्ते उघडे, हात मांडीवर.
मी स्टूल ओढलं.
ते वहीत तारीख घालत म्हणाले,
"ती दोन पाकिटं
गेली कुठे पण?"